विलोखालचं माप

१

आमच्या घराला रस्त्याकडून दोन दारं आहेत. डावं बायकोचं, उजवं माझं. ती बायकांचे केस कापते, मी कपडे शिवतो. लग्न ठरलं तेव्हा माझा मेहुणा म्हणाला होता, "दोघांच्याही हातात कात्री! भाऊजी, भांडण झालंच तर तोंडानं करा हं." मेहुणा हिच्याहून चार वर्षांनी लहान, धंद्यानं प्लंबर आणि स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसणारा. आमचं कात्रीपर्यंत जाईल असं भांडण कधी झालं नाही. हिच्या कात्रीचा आवाज मात्र मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. कापायच्या आधी ती दोनदा हवेत रिकामी चालवते. कच्, कच्, मग कापते. "हात गरम करते," असं तिचं म्हणणं.

आमची मुलगी झाली तेव्हा इतकी लहान आणि गोल होती, की मी तिला बटण म्हणालो आणि तेच नाव पडलं. माझ्या मापाच्या वहीत तिचं वेगळं पान होतं. दर वाढदिवसाला माप घ्यायचं. ती उंच दिसायला टाचा उचलायची, मी टेपच्या टोकानं टाचेवर टिचकी मारायचो, ती खिदळून खाली यायची. पानावरची शेवटची नोंद अशी आहे: उंची साडेत्रेचाळीस इंच, बाही साडेचौदा.

सहा वर्षांची होती. अठरा दिवस ताप उतरला नाही. मधे केव्हातरी डॉक्टर केस काढायला म्हणाले, तेव्हा हिनं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःच कापले. वेणी लाल रिबिनीसकट बिस्किटाच्या डब्यात ठेवली. एकोणिसाव्या दिवशी आम्ही दोघंच घरी आलो.

त्यानंतर हिनं दुकान उघडलं नाही. दोन घास खायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. खोटं कशाला बोलू, मुलीचं दुःख मला नीट करताच आलं नाही, कारण माझा सगळा जीव दुसऱ्याच भीतीत अडकला होता. बटण गेली, आता हीसुद्धा जाईल. मला तेवढं एक नको होतं.

२

एक दिवस ती आपणहून म्हणाली, "मागच्या बागेत एखादं झाड लावू या का?" तेव्हा मी हातातलं काम टाकून तिला रोपवाटिकेत घेऊन गेलो. जांभळं झाड मागितलं असतं तर तेही शोधलं असतं.

रोपवाटिकेतला म्हातारा मोठा बोलका होता. हिनं बोट दाखवलं ते झाड म्हणजे पाण्याच्या डब्यात उभी केलेली हातभर काठी. "वीपिंग विलो," तो म्हणाला. "रडका विलो. फांद्या खाली लोंबतात ना, म्हणून."

"रडका कसला?" ही म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी तिचं सबंध वाक्य ऐकत होतो. "न्हाऊन केस मोकळे सोडल्यासारखा दिसत असेल."

काठीला पाण्याखाली पांढरी मुळं फुटली होती. म्हाताऱ्यानं नियम सांगितले. रोज दोन बादल्या पाणी. पहिली दोन वर्षं आधाराला खुंटी, पण बांधणी सैल हवी. आणि घरापासून पन्नास फूट लांब लावायचं, कारण याची मुळं पाणी हुडकत कुठंही जातात.

"आमची बाग तीसच फूट आहे," मी म्हणालो.

"मग घेऊ नका. नाकापेक्षा मोती जड होईल."

तोवर हिनं डबा छातीशी धरला होता. तो तिच्या हातातून काढून घेण्याइतका शहाणा मी नव्हतो.

स्वयंपाकघराच्या दारापासून बारा फुटांवर खड्डा खणला. हिच्या दुकानात केसांची दोन पोती साठली होती. केस मातीत कुजतात, झाडाला खत होतं. हे तिला कोण्या गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. तिनं दोन्ही पोती खड्ड्यात रिकामी केली. मग आत जाऊन बिस्किटाचा डबा आणला आणि तोही उपडा केला. लाल रिबीन मला दिसली. "अगं," एवढंच मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फावडं उचललं आणि माती ओढली.

३

झाड वाढलं म्हणजे किती वाढलं! मी कापडाच्या तिरप्या पट्टीनं, आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन, त्याला खुंटीशी बांधलं होतं. ती पट्टी दर दोन महिन्यांनी सोडून नवी बांधावी लागे. दुसऱ्या वर्षी ते माझ्या डोक्यावर गेलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या फांद्या चहूबाजूंनी जमिनीला टेकल्या आणि आत छोट्या खोलीएवढी जागा तयार झाली.

झाडाबरोबर हीसुद्धा उभी राहिली. सकाळी दोन बादल्या घातल्याशिवाय चहा घेत नसे. मग दुकान उघडलं, मग जेवण सुधारलं. रविवारी दुकानातली कात्री घेऊन ती झाडाभोवती फिरायची आणि लोंबत्या फांद्या जमिनीपासून एक वीत उंच अशा सरळ कापायची. कच्, कच्, मग कापायची.

"झाडाचा बॉबकट," मी चिडवायचो. "आता भांगही पाडून दे."

"तुम्ही तुमची शिलाई सरळ आली तर बघा," ती म्हणायची.

मी त्या झाडाचा इतका ऋणी होतो की पानं कापडावर उडून आली तरी कुरकुर केली नाही. मेहुण्यानं एकदा येऊन इशारा दिला, "भाऊजी, याची मुळं तुमच्या मोरीत शिरणार." मी म्हटलं, शिरू दे. मोरी दुरुस्त करायला तू आहेस, पण बायको दुरुस्त करणारा मला कुठं मिळणार होता?

४

माझं मशीन मागच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीशी आहे. एक दिवस दुपारी सुईत दोरा ओवताना मान वर केली आणि झाडाच्या घराकडच्या बाजूला मला एक दार दिसलं.

दार म्हणजे फांद्यांमधली मोकळी जागा. बाकी सगळीकडे फांद्या जमिनीच्या एक वीत वर होत्या. इथे मात्र हातभर रुंदीत त्या बऱ्याच वर संपत होत्या. मी बाहेर जाऊन पाहिलं. कात्रीनं कापलं की टोक तिरकं आणि स्वच्छ असतं. ही टोकं झिजलेली होती, झिजून मऊ पडली होती. शर्टाची कॉलर मानेवर घासून घासून झिजते ना, तशी. कोणीतरी तिथून वर्षभर जा-ये करत असल्यासारखी.

टेप माझ्या गळ्यात असतोच. हात आपोआप गेला. जमिनीपासून टोकांपर्यंत साडेत्रेचाळीस इंच.

मी टेप गुंडाळला. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं स्वतःला म्हणालो. शेजाऱ्यांचं कुत्रं शिरत असेल. पण साडेत्रेचाळीस इंच उंचीचं कुत्रं आमच्या गल्लीत कोणाकडे नव्हतं.

महिन्याभरानं पुन्हा मोजलं. पंचेचाळीस.

त्या संध्याकाळी जेवताना ही सहज म्हणाली, "अहो, एक फ्रॉक बेता ना. बाही लांब ठेवा. जुने सगळे आखूड झालेत."

माझा घास हातात राहिला. तिनं भाजी वाढली. तिचा चेहरा इतका शांत आणि भरलेला होता, की मी तीन वर्षांत तो तसा पाहिला नव्हता.

"कुणाचे?" मी विचारलं.

"तुम्हीच तर माप घेऊन आलात," ती म्हणाली. "मी बघितलं खिडकीतून."

५

मी माझी समजूत अशी घातली: फांद्या हीच झिजवते आहे. दगडानं घासत असेल. हे दुःखाचं एक खूळ आहे आणि खूळ असलं तरी ते तिला जेवायला लावतंय. दगडापेक्षा वीट मऊ. फ्रॉक शिवून द्यायला माझं काय जातं?

पिवळ्या सुती कापडाचा फ्रॉक शिवला. बाही पंधरा इंच. तिनं तो हँगरला लावून झाडाच्या आत नेला. आठवड्यानं धुवायला आणला. मी इस्त्रीला घेतला तेव्हा काखेत घामाची पुसट कड होती आणि मागच्या बाजूला बसून बसून पडलेली चमक. हिनं आत मांडीवर घेऊन बसवला असेल, मी म्हटलं. कॉलरला ओल्या सालीचा वास येत होता. तो तर यायचाच.

महिन्यानं दुसरा फ्रॉक, एक्कावन्न इंच उंचीच्या मापाचा. मग तिसरा. "मागे राहिली होती ना बिचारी," ही म्हणायची, "आता भरून काढतेय." मी मान हलवायचो. वाढ झाडाची होती, ती मुलीच्या वाढीच्या गतीनं थोडीच होणार?

तिसरा फ्रॉक परत आला तो मी पाण्यात न घालता खिडकीच्या उजेडात धरला.

एक गोष्ट सांगतो. माणूस आपल्याविषयी वाटेल ते सांगेल, पण त्याचा वापरलेला कपडा खोटं बोलत नाही. डावखुरा कोण, पाठीला बाक कोणाला, कोण दिवसभर हाताची घडी घालून बसतो, हे सगळं मला कपड्यावरून कळतं. हात वाकतो तिथे बाहीच्या आतल्या अंगाला चुण्या पडतात आणि बाहेरून कापड फुगतं. दर बाहीला एक जागा, कारण दर हाताला एक कोपर.

त्या बाहीवर खांद्यापासून दहा इंचांवर चुण्या होत्या. बरोबर. तिथून पाच इंच खाली पुन्हा चुण्या होत्या. पण त्या बाहेरच्या अंगाला होत्या आणि कापड आतून फुगलं होतं. म्हणजे हात तिथेही वाकत होता आणि उलटा वाकत होता.

दुसरी बाही पाहिली. तीही तशीच.

मी खुळ्यासारखे प्रयोग केले. फ्रॉक धुतला, ओला असताना फांदीवर टाकून ठेवला, दोन दिवस खिळ्याला टांगला, घडी घालून उशाखाली घेतला. कशानंही तशा चुण्या पडल्या नाहीत. शेवटी मी इस्त्री तापवली आणि त्या मोडल्या. हिला काही बोललो नाही. कात्रीची रिकामी कचकच भिंतीपलीकडून ऐकू येत होती, आणि ती कोणाशी तरी हसून बोलत होती.

६

मोरी तुंबली ती त्यानंतर. मेहुण्याला बोलावलं. त्यानं जाळी काढून आत हात घातला आणि बारीक, लालसर मुळांचा हातभर झुपका बाहेर ओढला.

"सांगितलं होतं की नाही मी?" तो विजयानं म्हणाला. मग त्यानं झुपका उजेडात धरला आणि हसू लागला. "ताईनं मोरीपण विंचरली की काय?"

मुळांचे तीन पेड होते. सरळ, घट्ट, टोकापर्यंत घातलेली वेणी.

मला हसता आलं नाही. मी दार लोटून घेतलं आणि त्याला हळू आवाजात म्हणालो, "करवत आणलीयस का? झाड पाडून टाक. आत्ता. ती गिऱ्हाइकात आहे तोवर."

"ताई मला फाडून खाईल, भाऊजी."

"मी म्हणालो म्हणून सांग."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. करवत घेऊन तो त्या दारातून आत शिरला. आता त्याला फारसं वाकावं लागलं नाही. त्या आठवड्यात दार एकसष्ट इंचांवर गेलं होतं. हिची उंची एकसष्ट आहे.

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर उभा राहिलो. करवतीचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं मेहुणा बाहेर आला.

"ताई बसलीय आत," तो म्हणाला. "पाठ करून. ती असताना मी कसं कापू? मी हाक मारली, तर नुसता हात हलवला."

मी काही बोलायच्या आधी रस्त्याकडच्या बाजूनं केस वाळवायचं यंत्र घुर्र करून चालू झालं, आणि त्याच्यावरून हिचा आवाज आला, "मान जरा खाली घ्या, वहिनी."

मेहुणा ऐकत उभा राहिला. यंत्र बंद झालं. ही पुन्हा काहीतरी बोलली, गिऱ्हाईक हसलं. त्यानं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"हात कसा हलवला?" मी विचारलं.

त्यानं स्वतःचा उजवा हात उचलून दाखवायला घेतला, अर्ध्यावर थांबला, आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. सामान गोळा न करताच तो निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो रोज फोन करायचा आणि फोनवर एकच विचारायचा, "ताई बरी आहे ना?" मी रोज हो म्हणायचो.

७

करवत आतच राहिली होती. ती आणायला म्हणून मी गेलो. खरं तर स्वतःच झाड पाडायचं ठरवून गेलो होतो. अकराची वेळ होती, लख्ख ऊन होतं, आणि ही बाजारात गेली होती.

शिरताना मला मान वाकवावी लागली.

आतला उजेड हिरवा होता, जाड बाटलीतून पाहावं तसा. जमीन झाडून काढलेली होती. मधोमध हिच्या दुकानातली जुनी फिरती खुर्ची होती. ती भंगारात दिली असं तिनं मला सांगितलं होतं. फांदीला कंगवा टांगलेला होता, त्याच्या दातांत लांब, निमुळती पानं अडकली होती. करवत बुंध्याला नीट टेकवून ठेवली होती. कुठं घाण नाही, पसारा नाही. त्या नीटनेटकेपणाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी रक्तामांसाचं काही पाहूनही वाटली नसती. माझी बायको इथे संसार करत होती.

मी करवत उचलली. तेव्हा खुर्ची अर्धा वेढा फिरून थांबली.

वारा असेल, म्हटलं. फांद्या हलत नव्हत्या. मी खाली पाहिलं, कारण वर पाहायचा मला धीर झाला नाही. बुंध्याच्या पलीकडे, लोंबत्या फांद्यांच्या टोकांखाली, दोन पावलं होती. अनवाणी, स्वच्छ, नखं नीट गोल कापलेली. माझ्याकडे पाठ करून, बुंध्याशी ताठ उभी. पिवळ्या कापडाची कड पोटरीच्या बरीच वर संपली होती.

मी पाहत असताना त्या टाचा हळूहळू वर उचलल्या गेल्या.

माप घ्यायची वाट पाहावी तशा.

माझा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बाप म्हणून गेला की शिंपी म्हणून, मला ठाऊक नाही, पण गेला. मग मी वळलो आणि पळालो. बाहेर उन्हात आल्यावर कळलं, की निघताना मला मान वाकवावी लागली नव्हती.

ही दारात पिशवी घेऊन उभी होती. माझ्या हातात करवत होती.

"कापणार होतात?" तिनं विचारलं. आवाज चढला नाही, रडली नाही. "कापा. पण मग मी कोणाजवळ जाऊ ते सांगा. तुमच्याजवळ?"

"माझ्याजवळ ये ना," मी म्हणालो. तीन वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हणत होतो आणि ते मलाच उशिराचं वाटलं.

तिनं माझ्या खांद्यावरचं पान काढून टाकलं. "तुम्ही माझ्याकडे अशा भीतीनं बघता," ती म्हणाली, "की जणू मी केव्हाच गेलेय. ती तरी मला बघून टाचा उचलते."

करवत मी मोरीच्या मागे ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे, गंजली आहे.

८

मग आमचा एक अलिखित करार झाला. दुकान बंद झालं की ती आत जायची, दिवेलागणीला जेवायला बाहेर यायची. मी खिडकीशी शिवत बसायचो आणि तिच्या कात्रीचा आवाज ऐकायचो. कच्, कच्, मग कापल्याचा. तो आवाज येतो तोवर ती आहे. ती जेवायला आली की मी मनात म्हणायचो, आजचा दिवस तरी ती गेली नाही. यापेक्षा जास्त मागायचं मी सोडून दिलं होतं. दार मोजायचंही सोडलं. पण ते उंच व्हायचं थांबून आता रुंद होत होतं, शेजारी शेजारी दोघी जातील इतकं. ते न मोजताही दिसायचं.

काल तिचा निळा कोट धुऊन वाळला. दुकानात घालायचा, लांब बाह्यांचा; मीच शिवलेला. संध्याकाळी इस्त्रीला घेतला. बाहीवरून हात फिरवला आणि थांबलो.

खांद्यापासून तेरा इंचांवर चुण्या होत्या. आणि तिथून खाली, बाहेरच्या अंगाला, पुन्हा.

मी कोट पालथा केला. दुसरी बाहीही पाहिली. इस्त्री तापून ठक् करून बंद झाली.  तिनं हा कोट परवा घातला होता. परवा ती माझ्या समोर बसून जेवली होती, मीठ मागितलं होतं, माझ्या शिलाईवरून मला चिडवलंही होतं.

"अहो."

ती मागून आली होती. दार वाजलं नव्हतं. जेवायच्या वेळेआधीच ती झाडातून बाहेर आली होती. तिच्या अंगाला ओल्या सालीचा वास येत होता.

"नवा कोट बेता ना मला," ती म्हणाली. "या वेळी बाही जरा लांब धरा."

आवाज तिचाच होता. मी वळलो नाही. खिडकीतून बाग दिसत होती, झाड अगदी स्तब्ध उभं होतं. त्याच्या आतून, पानांमागून, आवाज आला. कच्, कच्. मग कापल्याचा.

तो आवाज मी हजार कात्र्यांत ओळखला असता.

मला धावायला हवं होतं. बारा फूट अंतर होतं. धावलो असतो तर आत काय दिसलं असतं, आणि माझ्यामागे खोलीत उभं होतं ते धावून कुठं गेलं असतं, याचा हिशेब मी तेवढ्या वेळात केला, आणि तो जुळला नाही. एकच कळत होतं. ती आत होती ती स्वतःच्या पायांनी गेली होती, तिच्या मुलीजवळ. आणि कोणीतरी माझ्याजवळ आलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी आपणहून माझ्याजवळ आलं होतं.

"माप घेता ना?" मागून आवाज आला.

मी टेप काढला आणि वळलो, मान खाली घालून. नजर टेपवरून हलू दिली नाही. तिनं हात पुढे केला. खांद्यापासून कोपर तेरा. तिथून पुढच्या वाकापर्यंत सहा. तिथून मनगट नऊ. कातडी थंड होती, पण ओळखीची होती. वहीत बाहीपुढे एकच रकाना असतो. मी पट्टी ठेवून शेजारी आणखी एक आखला.

"उंची?" मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी टेपचं टोक जमिनीला लावायला वाकलो. दोन टाचा माझ्या डोळ्यांसमोर हळूच वर उचलल्या गेल्या.

बागेतली कात्री थांबली होती. मी कान देऊन ऐकलं. ती पुन्हा वाजली नाही.

मी टेपच्या टोकानं टाचेवर टिचकी मारली. वरून खिदळण्याचा आवाज आला आणि टाचा खाली टेकल्या.

मी टेबलाशी जाऊन वही चाळली. बायकोचं पान काढलं, पेन टेकवलं आणि तसंच उचललं. मग पानं मागे उलटली. बटणच्या पानावर अजून बरीच जागा होती. तिथंच लिहिलं.